पार्वतम्माची दोन माहेरं

आपल्याला घराणं आहे, हा शोध शिवराज मेहकरेला पन्नाशी उलटल्यावर लागला. तोवर भालकीत त्याची आडत होती, ट्रॅक्टरची एजन्सी होती, हमरस्त्याला लागून नवाकोरा फंक्शन हॉल होता. पण जिल्हा पंचायतीचं तिकीट मागायला गेल्यावर पक्षाच्या माणसानं 'तुमची पार्श्वभूमी काय?' असं विचारलं, आणि आपल्या मागं तुरीच्या पोत्यांशिवाय काहीच उभं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं घराणं उभं करायला घेतलं. हॉल उभा केला तसंच, कंत्राट देऊन.

कंत्राट गेलं बिदरच्या एका निवृत्त प्राध्यापकाकडं. त्यानं प्रस्तावनेतच मेहकऱ्यांना आठशे-नऊशे वर्षं मागं ओढत नेलं आणि बसवण्णांच्या काळातल्या, शरणांच्या कल्याण नगरीत नेऊन बसवलं. पुरावा एकच, 'असे मानावयास जागा आहे.' ही जागा त्या पुस्तकात पानोपानी होती. एवढ्या जागेत आणखी एक फंक्शन हॉल सहज बसला असता.

छापण्याआधी मजकूर तपासायला मंजुश्रीकडं आला. मंजुश्री म्हणजे शिवराजच्या आत्याची, सुशीलाबाईची मुलगी. कलबुर्गीकडं नोंदणी खात्यात अधिकारी होती. अर्धं आयुष्य तिनं लोकांची लग्नं कागदावर चढवण्यात घातलं होतं. परदेशी जायचं म्हणून लग्न दोन वर्षं मागं सरकवणारे, वाटणीच्या भांडणात बापाची दुसरी बायको पहिली करून दाखवणारे, घरी बायको असताना देवाची शपथ घेऊन ब्रह्मचारी म्हणवणारे, असे सगळे तिच्या टेबलासमोर येऊन गेले होते. माणूस वयाबद्दल खोटं बोलतो आणि लग्नाबद्दल खोटं बोलतो. वयाबद्दल निदान लाजत बोलतो, असं तिचं मत झालं होतं. तिनं स्वतः लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "रोज बघते की."

वंशावळीत लेकींना जागा नव्हती. हावगेप्पा आणि पार्वतम्मा या आजा-आजीखाली आप्पाराव आणि त्यांचा धाकटा भाऊ अशी दोन ठळक नावं होती, आणि बाजूला बारीक अक्षरांत 'व एक कन्या'. आप्पाराव म्हणजे शिवराजचे वडील. ती एक कन्या म्हणजे मंजुश्रीची आई. जिचं नाव छापवत नाही तिच्या लेकीनं पुस्तकाचं शुद्धलेखन तपासायचं होतं. नकार द्यायला मंजुश्रीनं फोनवर तोंड उघडलं, आणि म्हणाली, "पाठव." चुका तर निघणारच होत्या, आणि शिवराजच्या चुका काढण्यात तिला लहानपणापासून एक सुख होतं.

पुस्तकात 'परंपरेचे जतन' म्हणून एक रंगीत पान हवं होतं. त्यासाठी शिवराजनं जगदेवप्पा हेळव्याला बोलावलं. हेळवी म्हणजे घराघरांच्या पिढ्या लिहून ठेवणारी आणि काही वर्षांनी गावात येऊन त्या गाऊन दाखवणारी माणसं. पूर्वी ती बैलावर बसून येत, जगदेवप्पा मोटारसायकलवर आला. शिवराजनं त्याला हॉलच्या स्टेजखाली घोंगडीवर बसवलं, स्वतः वर खुर्चीत बसला आणि फोटोवाल्याला सांगितलं, "दोघं दिसू दे. पण मी मोठा दिसू दे." त्या दिवशी मंजुश्री आली होती. शिवराजचा चुलतभाऊ मंजुनाथही होता. घरातल्या कुठल्याही कार्याला तो फक्त काय बिघडतंय ते बघायला यायचा, आणि सहसा निराश होऊन जात नसे.

जगदेवप्पानं फडकं सोडून जाडजूड वही काढली आणि कानडीत सूर धरला. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. हावगेप्पापाशी आला आणि त्याच सुरात म्हणून गेला, की हावगेप्पाची बायको पार्वतम्मा, माहेर मादन हिप्परगा, उडकी, रझाकार मोडल्याच्या दुसऱ्या वर्षी.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

उडकी म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. मराठी घरांत त्याला पाट म्हणतात. दोन्ही भाषांत हा शब्द आवाज उतरवूनच बोलतात. आणि पुस्तकात तर छापायला दिलं होतं, की पार्वतम्माचं माहेर निर्णा, विवाह एकोणीसशे चव्वेचाळीस. त्याला आधार होता एका प्रतिज्ञापत्राचा. हावगेप्पा वारल्यावर त्याची स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन आपल्या नावावर व्हावी म्हणून पार्वतम्मानं ते तहसीलमध्ये दिलं होतं. आप्पारावांचा जन्म सत्तेचाळीसचा. रझाकार मोडले अठ्ठेचाळीसला. हेळव्याचं खरं मानलं, तर आईबापाचं लग्न लागलं तेव्हा आप्पाराव चालायला लागले होते.

हा हिशेब सगळ्यांच्या आधी मंजुनाथनं केला. "म्हंजे थोरले काका वरातीत पुढं नाचले असतील की!" तो म्हणाला.

"गप बस तू!" शिवराज खुर्चीतून उठला. "का रं, कोणाचं कोणाला चिकटवायलास? दुसऱ्याच घराचं पान काढलास का?"

"न्हाई धनी," जगदेवप्पा म्हणाला. "माझ्या आज्यानं लिवलंय. हावगेप्पा म्होरं बसून सांगितले, तवा लिवलं. आमी मनानं लिवत न्हाई."

"माझ्याकडं सरकारी कागद हाय, शिक्क्याचा. तुझ्या वहीला कोण इचारतंय? मंजू, तू तर यातलीच. सांग याला."

मंजुश्रीनं वही मागून घेतली. कानडी अक्षर ठसठशीत होतं. पार्वतम्माच्या नावाखाली, त्याच शाईत, त्याच बैठकीत आप्पाराव हे नाव लिहिलेलं होतं. "याच्या मागची नोंद कधीची?" तिनं विचारलं.

"लई मागची, अक्का. मधी आमचं कोणी आलंच न्हाई. धामधूम हुती. कोण कुठं हाय ठाव नव्हतं, तर वाचायचं कोणाम्होरं? मग आले तवा घरात हुते तेवढेच लिवले."

"अण्णा, तपासावं लागंल," ती शिवराजला म्हणाली.

"तपासायचं काय त्यात? दोनातलं एक पुसायचं."

जगदेवप्पानं वही फडक्यात बांधली. "तुमचं तुमी पुसा, धनी," एवढं म्हणून तो मोटारसायकलकडं गेला.

कलबुर्गीच्या बसमध्ये मंजुश्री खिडकीला डोकं टेकून विचार करत राहिली. शिवराजला सोयीचं तेवढंच खरं हवं होतं आणि मंजुनाथला घाणेरडं तेवढंच. खरं काय, हे दोघांपैकी कुणालाच नको होतं. आप्पारावांबद्दलचा तो विनोद संध्याकाळपर्यंत घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला. खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली, आणि लगोलग तेच लोक सुप्रभातीची फुलं पाठवायला मोकळे झाले.

कागद काय म्हणतो हे ती नंतर बघायची. आधी तो कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला ते बघायची. हेळव्याची नोंद लग्नापाठोपाठची, आणि सांगणारा खुद्द नवरा. माणूस खोटं बोलतो ते वर चढायला. उडकी झालेली नसताना झाली, असं कोण कशाला सांगेल? प्रतिज्ञापत्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी केलेलं, लिहिणारा तहसीलबाहेरचा टायपिंगवाला, खाली आजीचा अंगठा. एवढ्यावर तिनं ते केव्हाच बाजूला टाकलं असतं. पण निर्णा आडवं येत होतं.

निर्णा काही त्या कागदात जन्मलं नव्हतं. पंचमीला निर्ण्याहून आजीला चोळी-बांगडी यायची, शेंगांच्या लाडवांचं गाठोडं यायचं. त्या गाठोड्याच्या गाठी मंजुश्रीनं स्वतः दातांनी सोडवल्या होत्या. तारीख चुकते, वय चुकतं, नावसुद्धा चुकतं, पण बाई आपलं माहेर चुकत नाही. आणि हेळवी तरी हिप्परगा कुठून आणेल? इथून हिप्परगा म्हणजे पार आळंद तालुक्यात. सहज जिभेवर येणारं गाव नव्हे.

मग दोन्ही माहेरं खरी असतील तर? तर बायका दोन असायला हव्यात.

इतकं सरळ होतं हे, की तिला स्वतःचीच चीड आली. आजवर लोकांचे कागद उलटेपालटे करून बघितले, आणि आपल्याच घरातली एक अख्खी बाई दिसली नाही.

सुट्टीच्या दिवशी ती निर्ण्याला गेली. पंचमीचं गाठोडं घेऊन यायचे ते रेवणसिद्धप्पा अजून होते. पंच्याऐंशी ओलांडलेली, पण कान आणि जीभ शाबूत. अंगणात बसून चिंचा फोडत होते. पार्वतम्माची नात म्हटल्यावर त्यांनी हात झटकून तिला शेजारी बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं.

"मुत्त्या," आजोबांना म्हणतात तशी हाक मारून मंजुश्रीनं आढेवेढे न घेता विचारलं, "आजी तुमची सख्खी बहीण व्हय?"

म्हाताऱ्यानं चिंच खाली ठेवली. "सख्खी? सख्खी सिद्धव्वा."

"सिद्धव्वा कोण?"

"आमची थोरली अक्का. तुमच्या मेहकरला दिलेली, चव्वेचाळीस साली, हावगेप्पाला. आप्पाराव तिचा." ते अंगणाकडं बघत सांगू लागले. "मग रझाकाराची धामधूम आली. माणसं घरं सोडून रानात जाऊन राहिली. थितं तिला ताप आला. पोरगं अजून अंगावर पीत हुतं. गेली. कुठं मूठमाती दिली ते बी कोणाला नीट दाखवता आलं न्हाई. मी लहान हुतो, पण आमची आई, अव्वा, तिची माती हुडकत रानात हिंडलेली आठवतीय."

"अन् पार्वतम्मा?"

"पारूअक्का हिप्परग्याची. लगीन झालं अन् वरीस भरायच्या आत नवरा मेला. पोरगीच हुती. भावानं घरात घेतलं न्हाई. हावगेप्पानं तिच्याशी उडकी केली. अन् ही बाई काय केली माहिती हाय? चार दिस झाले न्हाईत तर आप्पारावला काखंत मारून इथं आली. गाडीतनं उतरली अन् अव्वाला म्हणली, तुमची लेक गेली, मी आले. ठेवून घ्यायचं तर घ्या, न्हाई तर तसं सांगा." म्हातारे हसले. "अव्वा लई रडली. मग न्हाऊ घातलं तिला. त्या दिसापासनं तिचं माहेर हे. हिप्परग्याला तिला बोलवतंय कोण? दार लावलेलंच हुतं."

"एवढं मोठं सगळं, अन् आमाला कोणी सांगितलं कामून न्हाई, मुत्त्या?"

"इचारलं कोण?" रेवणसिद्धप्पा म्हणाले, आणि पुन्हा चिंच उचलली.

हिप्परग्याला फोन लावून, ओळखीतून ओळख काढून, मंजुश्रीनं तिकडची बाजूही पडताळली. सगळं जुळलं. हेळवी खरा होता, निर्णा खरं होतं, चव्वेचाळीसचं लग्नही खरं होतं. फक्त ते लग्न पार्वतम्माचं नव्हतं.

तिच्या डोक्यात आता अख्खा खटला तयार झाला. आरोपी हावगेप्पा. तरुणपणी उडकी केली खरी, पण पुढं गळ्यात हार पडायला लागले तशी लाज वाटली असणार. मग मेलेल्या बायकोचं लग्न काढून जिवंत बायकोला नेसवलं, आणि सिद्धव्वा गिळून टाकली. रानात मेली, मातीचा ठिकाणा नाही, फोटो नाही, पोरगं दुसरीचं झालं, आणि शेवटी लग्नसुद्धा दुसरीच्या नावावर गेलं. पुरुषांच्या या एकजात भित्र्या जमातीविषयी मंजुश्रीचं जे मत होतं त्यावर शिक्काच बसला. राग तिला खरोखर आला होता. पण आपण बरोबर होतो याचा आनंदही त्यात होता, आणि तो रागापेक्षा कमी नव्हता.

ती शिवराजच्या घरी गेली. तो सोप्यात गादीवर लोळत निमंत्रणपत्रिकेचा रंग ठरवत होता. कोपऱ्यात बाजेवर आप्पाराव भिंतीकडं तोंड करून पडले होते. घरात सगळे त्यांना बहिरं समजत. ते बहिरे नव्हते. त्यांना कंटाळा आला होता.

मंजुश्रीनं सगळं सांगितलं. शिवराज ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हंजे अप्पा लग्नाच्या आधीचे न्हाईत!"

"न्हाईत."

"मग मिटलं की! त्या मंजुनाथचं थोबाड बंद. चव्वेचाळीसचं लगीन खरं, निर्णा खरं, सगळं खरं. पुस्तकात हाय तेच बरोबर. फक्त बाई..."

"फक्त बाई बदलली," मंजुश्री म्हणाली.

"नाव कोण बघतंय गं? लोक सन बघतात."

"अण्णा, तू ज्या बाईला गाळायलास ती तुझी सख्खी आजी हाय. पार्वतम्मा माझी. रक्तानं तुझी कोणीच न्हाई."

हे बोलायची गरज नव्हती. बोलताना तिला ते कळतही होतं. शिवराजच्या हातातले पत्रिकेचे नमुने खाली आले.

"कोणीच न्हाई?" तो म्हणाला. "मला कांजिण्या आल्या तवा रातच्या रात मांडीवर घेऊन बसली ती कोण मग? आई मारायला धावली की मी कोणाच्या पदरात शिरत हुतो? तुमी सुट्टीला यायचे अन् जायचे. मी हुतो तिच्याजवळ. मेली तवा तोंडात पाणी मी घातलं. अन् तू कागद वाचून मला सांगायलीस, तुझी न्हाई म्हणून?"

मंजुश्रीला या माणसाच्या तोंडून खरं असं काही निघेल याची सवय नव्हती. दोन शब्द बरे बोलावेत म्हणून ती पुढं झुकली, तेवढ्यात त्यानंच तिची सुटका केली.

"अन् दुसरं म्हंजे, ऐन तिकिटाच्या टायमाला उडकीचं घराणं म्हणून बोभाटा कशाला?"

"बसवजयंतीला तूच भाषण ठोकतोस न्हवं? शरणांनी विधवेला मान दिला, अमुक केलं, तमुक केलं?"

"भाषण येगळं, घर येगळं. एवढं शिकून तुला हे कळंना?"

"कळतंय. आज्जाचंच रक्त हाय तुझ्यात. त्यांनी बी असंच केलं. लाज वाटली अन् बायको गाळली."

"त्यानं न्हाई गाळली," बाजेवरून आवाज आला.

दोघं वळून बघायला लागले. आप्पाराव उठून बसले होते, पाय खाली सोडून, चप्पल चाचपत.

"अप्पा, तुमी पडा. आमचं आपलं पुस्तकाचं चाललंय," शिवराज म्हणाला.

"माझ्या आयांचं चाललंय. मला ऐकू येतंय." ते मंजुश्रीकडं वळले. "मंजव्वा, तू निर्ण्याला जाऊन काढलीस ते मला पहिल्यापासनं ठाव हाय. शाळेत हुतो तवा. मामाच्या गल्लीतली पोरं मला आई नसलेलं म्हणली. घरी येऊन आईला इचारलं. तिनं सगळं सांगितलं. एक शब्द झाकली न्हाई. अन् मग म्हणली, आता तुला कळलंय, तर तूच राख. सुशी हाय, धाकटा हाय. सावत्र हा शब्द या घरात यायचा न्हाई. आला तर माझं तोंड बघायचं न्हाई."

"अन् पेन्शनचा कागद?" मंजुश्रीनं विचारलं.

"मीच घेऊन गेलतो तिला. टायपिंगवाला म्हणला, थोरल्याचा जन्म सत्तेचाळीस, मग लगीन कवा, म्हातारे? मला वाटलं आता सांगती. तिनं माझ्याकडं बघितलं अन् म्हणली, चव्वेचाळीस. खरं सांगितली असती तर कागदावर मी सावत्र झालो असतो." आप्पाराव थांबले. "अंगठा लावताना सरकारला भ्यायली हुती. जन्मात पहिल्यांदाच कचेरीत गेलती."

मंजुश्रीचा खटला बसल्या जागी कोसळला. हावगेप्पानं काहीच केलं नव्हतं. त्यानं तर हेळव्यासमोर बसून उडकी म्हणजे उडकी असं सांगितलं होतं, आणि ती नोंद तिनं आपल्या डोळ्यांनी वाचली होती. तिनं पकडलेलं खोटं तिच्या आजीचं होतं, आणि ज्याची आई पुसली गेली त्यानंच ते राखलं होतं. असलं खोटं तिच्या टेबलावर कधी आलं नव्हतं. ते कुठल्या रकान्यात घालायचं हे तिला कळेना. आणि तरीही मनाचा एक कोपरा म्हणतच राहिला, की एका बाईनं दुसरीला पुसलं ते पुसलंच.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "पण सिद्धव्वाचं काय?"

"तेच म्हणायलो. आईला शब्द दिलता तो तिच्यासाठी. ती गेली, शब्द बी सुटला. मलाच इतकी वर्षं उठून बसायचा आळस आला. दोघी लिव. हेळव्याच्या वहीत उडकी हाय, ते बी तसंच लिव."

"अप्पा, लोक काय म्हणतील?" शिवराज.

"कोण लोक?" आप्पारावांच्या आवाजात असा तिटकारा होता की मंजुश्रीला आपण कोणावर गेलो याचा उलगडा झाला, आणि त्याच क्षणी आठवलं की ही तर आजीची तऱ्हा. "तुझ्या हॉलात फुकट जेवून हात पुसत जाणारे? त्यांना भिऊन मी माझी आई चोरू? जिवंत हाय तवर माझ्या आया कोण ते मी सांगणार. मी मेल्यावर तुझा बाप कोण ते तू ठरीव."

शिवराज पुढं काही दिवस घुम्यासारखा वावरला. मंजुश्रीनं पान दुरुस्त करून पाठवलं. जाता जाता 'व एक कन्या' खोडून तिथं 'सुशीलाबाई' लिहिलं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पुस्तक कोणी वाचतच नव्हतं. मग एक दिवस शिवराजचा फोन आला, आणि आवाज एकदम खुललेला. प्राध्यापकानं दुरुस्त पान बघितलं होतं आणि म्हणाला होता, अहो, हे तर सोनं आहे! त्या काळात पुनर्विवाह म्हणजे क्रांती!

घराण्याचा मेळावा हॉलमध्ये झाला. पुस्तकात पार्वतम्माचा फोटो पानभर होता आणि खाली 'क्रांतिज्योती' असं छापलं होतं. सिद्धव्वा एका ओळीत होती, 'प्रथम पत्नी, माहेर निर्णा'. स्टेजवर पक्षाची दोन माणसं घड्याळ बघत बसली होती. शिवराजनं माईक धरला आणि सांगितलं, की आम्हा मेहकऱ्यांच्या रक्तातच समता आहे, आमच्या आजोबांनी विधवेचा हात धरून समाजाला दिशा दिली, आणि हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं सांगत आलो आहोत. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं मंजुनाथनं वाजवल्या. मंजुश्रीनं बरेच थापाडे बघितले होते, पण महिनाभरापूर्वी जे पुसायला निघाला होता त्याच्यावरच उभं राहून हार घालून घेणारा हा पहिलाच. राग येण्याच्या पलीकडं गेलं होतं ते. ती नुसती बघत राहिली, सर्कशीत माणसं बघतात तशी.

रेवणसिद्धप्पांना तीच गाडी करून घेऊन आली होती. पुढच्या खुर्च्यांवर पाट्या चिकटवलेल्या होत्या, म्हणून कार्यकर्त्यांनी म्हाताऱ्याला मागं पंगतीच्या बाजूला नेऊन बसवलं. भाषण चालू असतानाच आप्पाराव स्टेजवरून उतरले. शिवराजनं माईकवर हात ठेवून "अप्पा, फोटो!" असं हळूच म्हटलं. आप्पारावांना ते ऐकू आलं नाही, म्हणजे नेहमीसारखं. ते कठडा धरत धरत मागं आले आणि मामाच्या शेजारी बसले. पार्वतम्मा गेल्यापासून दोघांची भेट नव्हती. वाढप्यानं गव्हाची गोड हुग्गी वाढली, वर तूप सोडलं. मंजुश्री पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसली.

दोघं हुग्गीत तूप कालवत राहिले. मग आप्पारावांनी पानावरची नजर न काढता विचारलं, "मामा, दिसायला कशी हुती ती?"

जन्मभर हा प्रश्न विचारायचा म्हणजे शब्द मोडायचा, म्हणून तो कधी विचारला गेला नव्हता.

रेवणसिद्धप्पांनी आठवून बघितलं. खूप आठवून बघितलं. "न्हाई आठवत, बाबा," ते म्हणाले. "लहान हुतो मी. उगं उंच हुती, गोरी हुती असं सांगू का? खोटं कामून बोलू?"

आप्पारावांनी मान हलवली.

"पण शिव्या लई द्यायची," म्हातारे एकदम म्हणाले. "ते पक्कं आठवतंय. आमी पोरं तिच्या शिव्या ऐकाय म्हणून मुद्दाम खोड्या काढायचो."

"कसल्या शिव्या?"

रेवणसिद्धप्पांनी स्टेजकडं नजर टाकली. तिथं क्रांती हा शब्द पुन्हा एकदा आला होता. ते जरा पुढं वाकले आणि बहिणीचा आवाज काढून, हात नाचवत म्हणाले, "निन बायाग मण्ण बीळली!" तुझ्या तोंडात माती पडो.

आप्पाराव इतके जोरात हसले की त्यांना ठसका लागला. पुढच्या दोन-तीन रांगांनी वळून बघितलं. मंजुश्रीनं पाणी पुढं केलं, पण त्यांनी तांब्या हातानं बाजूला सारला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांनी मनावर घेतलं नाही.

"आणखी एक सांगा," ते म्हणाले, आणि हुग्गीचं पान बाजूला सरकवून ऐकायला बसले.